चार घरांचा सोलो

माझ्या गिटारच्या सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातली गिटार काढून खुंटीला टांगली आणि मला समोरच्या साहूंच्या दारात नेऊन उभं केलं.

"बेल वाजवायची नाही," ते म्हणाले. "नुसतं उभं राहायचं. मी एक म्हटलं की तू दारात पाहिजे. दोन, तीन, चारला रस्त्यात काय भटकायचं ते भटक. पुन्हा एक म्हटलं की पुढच्या दारात."

चाळिशीला टेकलेली बाई मी. नवा रायपुरातल्या सरकारी कार्यालयात हिशेब तपासते, घरी दोन मुलं आणि एक शंकेखोर नवरा. अन् भर दुपारी गुढियारीच्या त्या अरुंद गल्लीत मी ओढणी सावरत या दारातून त्या दारात पळून राहिले होते, आणि हा माणूस रस्त्याच्या मधोमध टाळ्या वाजवत आकडे म्हणत होता. साहूंची सून बाहेर आली. मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "दीदी, सर्वे वाले हो क्या?" मी तोंड उघडायच्या आत ती आत जाऊन रेशन कार्ड घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "चार झाले बेटा, सरक." मी तिचं रेशन कार्ड घेऊनच पुढच्या दारी गेले. ती माझ्यामागे. पुढच्या दारातल्या बाईंनी हे पाहिलं आणि त्याही आपलं कार्ड घेऊन निघाल्या. चौथ्या दाराला पोचले तेव्हा माझ्यामागे मोर्चा झाला होता आणि कोणी तरी विचारत होतं की गॅसच्या यादीत नाव कधी येणार.

सर खूश होते. "ताल चांगला आहे तुझा," म्हणाले. "गर्दीतही चुकला नाही."

हा काय प्रकार होता ते आधी सांगते, नाही तर तुम्ही मलाही बह्याड समजाल. रॉकच्या गाण्यात मधेच गाणारा गप्प होतो आणि गिटारवाला डोळे मिटून पुढे येतो न, एकेक तार ओढून रडवतो, तो सोलो. त्याच्या मागे दुसरा कोणी कॉर्ड वाजवत असतो, म्हणजे तीन-तीन स्वर एकदम. सरांचं म्हणणं असं की प्रत्येक कॉर्ड हे एक घर आहे आणि त्यात तीन माणसं राहतात. पहिला स्वर घरमालक. पाटीवर नाव त्याचं, बाकी अधिकार शून्य. तिसरा स्वर म्हणजे घरातली बाई. ती खूश तर घर खूश, ती रुसली तर घर रुसलं. कॉर्ड हसरी की रडकी, ते तीच ठरवते. पाचवा स्वर म्हणजे नोकरीवाला मुलगा. असला तर बरं, नसला तरी कोणाचं अडत नाही. आणि कधीकधी सातवा येतो, तो जावई. "आला की रंगत येते," सर म्हणायचे, "पण मुक्काम ठोकला की वैताग."

बाकीचे सगळे स्वर म्हणजे रस्ता. रस्त्यावर पळा, लोळा, काय वाटेल ते करा. पण कॉर्ड बदलली की त्या क्षणी त्या घरातल्या कोणा एकासमोर उभं असलं पाहिजे. मग ऐकणाऱ्याला वाटतं, हं, पोचला.

"सारी दुनिया रस्त्यावर पळायला शिकून राहिली," सर म्हणायचे. "घरी जायला कोणी शिकत नाही."

म्हणून त्यांच्या गल्लीतली चार घरं म्हणजे चार कॉर्ड. साहूंचं घर ए मायनर, म्हणजे रडकी कॉर्ड, कारण साहूंची सासू बारा महिने रुसलेली. शेजारी इस्त्रीवाला, तो एफ. त्यानंतर एक रिटायर्ड शाळामास्तरीण, कायम हसतमुख, ती सी मेजर. शेवटी हवालदाराचं घर, जी. साहूंच्या मांजराचं नाव सरांनीच 'सी' ठेवलं होतं, कारण ते पहिल्या तीन घरी दूध प्यायचं आणि चौथ्या घरी हवालदार त्याच्यामागे झाडू घेऊन लागायचा. ज्यांना गिटार येते त्यांनी तपासून पाहावं. सी हा स्वर पहिल्या तिन्ही कॉर्डमध्ये आहे आणि चौथीत नाही. मला तर हे जन्मात विसरता येणार नाही. आजही चौथी कॉर्ड आली की माझं बोट आपोआप सीवरून एक घर खाली सरकतं, झाडूच्या भीतीनं.

सर रेल्वेच्या माल ऑफिसातून रिटायर झालेले. मूळचे वर्धेकडचे, पण तीन पिढ्या रायपुरात गेल्यामुळे बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी, आणि कोणाला हो म्हणायचं असलं तर 'हव'. बारीक अंगकाठी, अंगात बंडी, गळ्यात लालभडक इलेक्ट्रिक गिटार. पाहिलं की वाटायचं, कोणी तरी आजोबांच्या गळ्यात नातवाचं खेळणं अडकवून दिलं.

त्यांची मुलगी माझ्याच कार्यालयात कॉम्प्युटरचं काम पाहायची. एकुलती एक, हुशार, सरळ. मराठी सगळी कळायची पण उत्तर हिंदीतून द्यायची, जशी इथली सगळी पोरं देतात. कॉलेजात असताना मी नागपूरला थोडीफार गिटार वाजवायची, आता पुन्हा शिकायचं आहे, ते पण सोलो, असं मी एकदा डबा खाताना बोलून गेले. तिचा घास हातातच राहिला. "दीदी, मेरे बाबा सिखाते हैं," ती म्हणाली. "अच्छा सिखाते हैं. लेकिन सोच लो. उसके बाद आप नॉर्मल नहीं रहोगे." मला वाटलं, लेकीच्या तोंडून बापाचं कौतुक बोलून राहिलं आहे.

क्लास सुरू व्हायच्या आधी, पहिल्या भेटीत, मी त्यांना माझं वाजवून दाखवलं होतं. मोबाइलवर पाहून पाहून बोटं बरीच पळायला लागली होती माझी, आणि मला त्याचा गर्वही होता, खोटं काहून बोलू. मी डोळे मिटून भर्रकन् वाजवलं. डोळे उघडले तर सर समोर नव्हते. ते स्वयंपाकघरात जाऊन काकूंना विचारत होते, "मिक्सर तू लावला का?"

काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गोरी, आवाज कधी चढायचा नाही. मिक्सर बंद आहे असं त्यांनी सांगितलं. सर बाहेर येऊन बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "मग तूच असशील." त्यानंतर सहा महिने मी एका वेळी एकच स्वर वाजवला. एका कॉर्डला एक. माझा नवरा म्हणायचा, क्लासला जाते की बँकेत टोकन घेऊन बसते.

सरांच्या सवयी सांगायच्या तर काय काय सांगू. कोणाच्याही घरात शिरताना ते उंबऱ्याशी एक पाय उचलून थांबायचे. मनात ताल चालू असायचा, त्याची पहिली मात्रा आली की मगच पाय आत. पावसात, उन्हात, मागे माणसं ताटकळलेली असताना. बँकेच्या दारात असा पाय उचलून उभे होते तर गार्डला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला. त्यानं उचलून आत नेलं. सर दिवसभर अस्वस्थ, कारण त्यानं त्यांना तिसऱ्या मात्रेवर आत नेलं होतं. संध्याकाळी पुन्हा बँकेत जाऊन नीट आत शिरून आले, तेव्हा कुठं जेवले.

जेवणाचंही तसंच. मधे काय वाटेल ते खा, पण शेवटचा घास दहीभाताचा, म्हणजे घरमालकाचा. एकदा काकूंनी दही संपलं म्हणून सांगितलं तर अर्ध्या जेवणावरून उठून दुकानात गेले. फोनवर कोणी बोलता बोलता फोन कटला तर ते परत लावायचे आणि त्याला वाक्य पुरं करायला लावायचे. कोणी म्हणालं, काका, काही नाही, असंच बोलत होतो, तर म्हणायचे, "असंच तर असंच, पण खाली उतर."

आणि तो भाजीवाला. सकाळी हातगाडीवर 'लाल भाजी, चेच भाजी' ओरडत गल्लीत यायचा बिचारा. सरांच्या मते त्याची आरोळी रस्त्यावरच संपायची, घरी पोचायची नाही. ते फाटकाशी गिटार घेऊन उभे राहायचे, खाली कॉर्ड लावायचे आणि त्याला शेवटचा 'भाजी' दोन सूर खाली आणायला सांगायचे. रोज. तो भला माणूस, "हव भैया, हव भैया" म्हणत प्रयत्न करायचा. एक दिवस जमलं त्याला. सरांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या, गल्लीतल्या बायकांनीही वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ही गल्ली सोडली. काकू महिनाभर पालेभाजीसाठी गुढियारीच्या बाजारापर्यंत चालत गेल्या. कुरकुर नाही की काही नाही. मला फक्त एवढंच म्हणाल्या, "दूधवाला मुका आहे ते बरं आहे."

तुम्ही म्हणाल असल्या माणसाला घरात कोणी कसं सहन करतं. काकूंना मी एकदा विचारलंही. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ते वाईट कुठं आहेत बाई. त्यांचं एकच म्हणणं, जिथं पोचायचं तिथं वेळेवर पोचा. पोरीच्या बारशाला, शाळेला, आजारपणाला, कधी उशीर नाही केला त्यांनी." मग तांदूळ पाखडत म्हणाल्या, "आता पोरीलेच नको आहेत ते, त्याले काय करता."

हे नको असण्याचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

झालं असं की मुलीला पाहायला भिलाईहून एक मुलगा आला. कांदेपोहे झाले. मुलीला काय येतं विचारून झालं. मग सरांनी मुलाला विचारलं, तुला काय येतं. मुलगा जरा शौकीन होता, म्हणाला, थोडं गातो. आई-वडील कौतुकानं म्हणाले, म्हण न. त्यानं चांगल्या आवाजात एक कडवं म्हटलं. सर मागून हलकेच गिटारवर कॉर्ड धरत होते. शेवटची ओळ आली, कॉर्ड घरी आली, आणि मुलगा चौथ्या स्वरावर थांबला. सरांनी गिटार थांबवली नाही. तीच कॉर्ड वाजवत राहिले, वाजवत राहिले, की हा आता एक पायरी खाली येईल, मग येईल. मुलगा घाबरून त्याच स्वरावर चिकटून राहिला. आत काकूंनी चहा गाळला होता. सर म्हणाले, "थांब. पोरगा अजून घरी आला नाही. आला की चहा." मुलाचे वडील उठले, आई उठली, मुलगा तर आधीच उठला होता. चहा तसाच राहिला.

मुलीला तो मुलगा आवडला होता. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी कार्यालयात सांगितलं, नेहमीच्याच आवाजात, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ आली नाही. मला सरांचा असा राग आला होता न, की त्या आठवड्यात मी क्लासलाच गेले नाही.

वर्षभरानं अमरावतीचं स्थळ आलं आणि जमलं. ठरल्या दिवशीच तिनं बापाला समोर बसवलं. मी तिथंच होते, गिटारची तार बदलत.

"बाबा, शादी में गिटार दिखी न, तो मैं माला रखके निकल जाऊँगी," ती म्हणाली. "आप सिर्फ मेरे बाबा बनके आना. और कुछ नहीं."

सरांनी मान हलवली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. कारण त्यांना माहीत होतं, जे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून या माणसानं तिच्या लग्नासाठी एक सोलो बांधायला घेतला होता. आपल्या गल्लीतल्या चार घरांवरचाच. नुसता लहानसा. पण दर वर्षी त्यातला एकेक फालतू स्वर काढत काढत त्यांनी तो इतका साधा केला होता की काकू तो पोळ्या लाटताना गुणगुणायच्या. त्या माणसाला आयुष्यात बाकी काही नको होतं. रेकॉर्ड नको, स्टेज नको. पोरीच्या लग्नात तेवढं एक वाजवायचं होतं.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. इतका पाळला की पाहवेना. लग्नाच्या महिन्यात त्यांनी गिटारला हात लावला नाही. मला शिकवायचे ते तोंडानंच. एकदा मी गेले तर खाटेवर बसून लाटण्याच्या दांड्यावर डाव्या हाताची बोटं फिरवून राहिले होते. काकूंनी येऊन हळूच लाटणं काढून घेतलं, म्हणाल्या, पोळ्या करायच्या आहेत. पीठ मळलेलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी त्यांनी गिटार माझ्या हवाली केली. "तुझ्या कारच्या डिक्कीत ठेव बेटा," म्हणाले. "घरात राहिली तर मी घेऊन येईन. माझा मले भरोसा नाही."

आता लग्नाचं ऐका. काकूंना धास्ती होती की हे कुठं तरी उंबऱ्यावर पाय उचलून थांबतील आणि मुहूर्त टळेल. म्हणून त्यांनी आपल्या बाजूच्या सगळ्यांना मुहूर्ताची वेळ गुपचूप अलीकडची सांगितली. गंमत म्हणजे मुलाच्या आईचाही आपल्या लोकांवर विश्वास नव्हता, तिनंही तेच केलं. परिणाम असा की आपल्या लोकांच्या इतिहासात पहिल्यांदा एक लग्न वेळेआधी उभं राहिलं. नवरा-नवरी पाटावर, मधे अंतरपाट, मुलीच्या मागे मामा, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि सगळे तयार पाहून गुरुजींनी घड्याळ न पाहताच मंगलाष्टकं सुरूही केली. दोन कडवी झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

एकदा मंगलाष्टकं सुरू झाली की थांबता येत नाही. मुहूर्तापर्यंत अंतरपाट खाली घेता येत नाही आणि दोघांना पाटावर मुक्यानं उभं करणं बरं दिसत नाही. गुरुजींचा घसा सर्दीनं आधीच बसलेला. त्यांनी हातानं खूण केली, कोणी तरी म्हणा. मुलाची आत्या याच क्षणाची वाट पाहत असावी. तिनं छापून आणलेला कागद काढला, त्यात मुलाच्या पणजोबांपासून सगळ्यांची नावं गुंफलेली. आवाज खणखणीत. फक्त प्रत्येक कडवं आधीच्यापेक्षा जरा वरच्या पट्टीत. सर मंडपाच्या कडेला उभे होते, कपाळावर घाम, एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातानं खांब धरलेला. तरी एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला त्या वेळी.

आत्याबाई अशा वर चढल्या की शेवटी नुसता श्वास राहिला. कागदही संपला. मुलीच्या मामांनी एक कडवं म्हटलं, अर्ध्यात विसरले. गुरुजी बोट गोल फिरवून राहिले होते, चालू ठेवा, अजून वेळ आहे. मग आत्याबाईंच्या यजमानांना सुचलं. त्यांनी मोबाइलवर मंगलाष्टकं लावून फोन माइकला टेकवला. आधी जाहिरात लागली. भरल्या मांडवात, नवरा-नवरीच्या डोक्यावर, एक बाई हिंदीत विचारायला लागली की घुटनों के दर्द से परेशान हैं? मागच्या रांगेतल्या एका आजींनी हो म्हटलं. जाहिरात संपली तेव्हा नेट गेलं आणि पडद्यावर नुसतं चाक फिरायला लागलं.

मग शांतता झाली. एवढी माणसं आणि पंख्याचा आवाज. पाटावरच्या दोघांना काय करावं कळेना. नवरीचे खांदे ताठ झाले होते. मुलाकडचे कुजबुजायला लागले होते, काय तरी अपशकुन वगैरे. मला तर वाटलं आता ही रडते.

अंतरपाटाच्या अलीकडून तिचा आवाज आला. मान वर न करता, हळू.

"बाबा. बजाओ न."

सर हलले नाहीत. त्यांना वाटलं असावं आपल्याच मनातलं आपल्याला ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "अहो, पोरगी बोलावून राहिली तुम्हाले." मी तोवर पार्किंगकडे पळत सुटले होते, शालू वर धरून.

गिटार आणली, माइकवाल्याच्या मशीनला तार जोडली. सरांनी हातातल्या अक्षता कुर्त्याच्या खिशात टाकल्या, गिटार गळ्यात अडकवली आणि मंडपाच्या पायरीशी येऊन एक पाय उचलून थांबले. ताल कुठंच नव्हता, पहिली मात्रा येणार कुठून. पण त्यांनी मुलीच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि सरळ आत पाय ठेवला.

मागे कॉर्ड वाजवायला कोणी नव्हतं. तरी पहिला स्वर लागला आणि मला साहूंचं दार दिसलं, रुसलेल्या सासूसकट. मग इस्त्रीवाला, मग हसरी मास्तरीण. एकटी गिटार, पण चारही घरं उभी. हवालदाराच्या दारावरून वळून शेवटी ते मास्तरीणबाईंच्या घरी परतले, तिथल्या बाईसमोर, म्हणजे तिसऱ्या स्वरावर, आणि थांबले.

आणि भर्रकन् मांडवभर अक्षता उडाल्या.

कोणी सावधान म्हटलं नव्हतं. पण कडवं पोचलं की हात आपोआप वर जातो न आपला, जन्मभराची सवय. ज्यांना कॉर्ड म्हणजे काय ते माहीत नाही, ज्यांनी सोलो कधी ऐकला नाही, त्या सगळ्या वऱ्हाडाला एकाच क्षणी कळलं की हा माणूस घरी आला. सर दचकले. गुरुजींनी बोट फिरवलं, चालू ठेवा. सरांनी दुसरा फेरा घेतला. पोचले. पुन्हा अक्षता. मुलीकडची हिंदी बोलणारी पाहुणी मंडळीही टाकायला लागली. आता सरांना चव लागली, किंवा मुहूर्त लांब होता, काय ते देव जाणे. मधल्या घरीही थांबायला लागले, आणि जिथं थांबतील तिथं अक्षता. त्यांचा जन्मभराचा छोटा सोलो कधीच संपला होता. ते आता त्याच चार घरांतून पोरीला हिंडवत होते. कोणी नाचत नव्हतं, शिट्या मारत नव्हतं. सगळे मुठी सरसावून उभे, कान देऊन, की आता पोचतो, आता पोचतो. आत्याबाई तर सगळ्यांच्या आधी टाकायच्या.

अन् अक्षता संपल्या. ताटं घेऊन फिरणाऱ्या मुलींची ताटं रिकामी, काकूंच्या हातातला डबा रिकामा. एक काका पुढच्याच्या टकलावरच्या वेचून राहिले होते. मी स्वतः मूठ उघडून पाहिली तर नुसतं कुंकू.

तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला. सरांनी तार दाबून धरली. गुरुजी बसक्या आवाजात सावधान म्हणाले आणि अंतरपाट खाली आला. वाजंत्री सुरू झाली. सगळ्या मांडवानं हात वर केले आणि कोणाच्या हातात काहीच नव्हतं. इतका वेळ नको तेव्हा पाऊस पाडला, आणि खऱ्या वेळेला पोरीच्या डोक्यावर एक दाणा नाही. तिनं वर पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मला त्या म्हाताऱ्याचा पुन्हा एकदा राग आला.

सरांनी गिटार पाठीवर ढकलली आणि खिशात हात घातला. वाजवणाऱ्याला टाकायला हात कुठून मोकळा असणार, त्यांची मूठ तशीच होती. त्यांनी ती काकूंच्या ओंजळीत अर्धी रिकामी केली. मग दोघं पुढे झाले. नवरा-नवरी दोघंही वाकली. सरांनी आणि काकूंनी टाकल्या नाहीत, अगदी जवळ जाऊन त्यांच्या डोक्यांवर ठेवल्या. मुहूर्तावर त्या दोघांना मिळाल्या त्या तेवढ्याच.

गुरुजी म्हणाले, हार घाला. नवऱ्यानं घातला. मुलगी काही हलेना. तिनं हार एका हातात घेतला होता आणि दुसऱ्या हातानं डोकं झाकून धरलं होतं, त्या सांडू नयेत म्हणून.